एका भेटीत एकच तक्रार

ओव्हरसियरना या देशातली एकही गोष्ट पसंत नव्हती, आणि पसंत नाही हे दिवसातून चार-पाच वेळा बोलून दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. रस्ते रुंद आणि स्वच्छ, पण त्यांवर माणूस दिसत नाही, म्हणून रस्ते वाईट. बसचा ड्रायव्हर ओळख नसताना हसतो, म्हणून ड्रायव्हर आगाऊ. नळाचं पाणी सरळ पेल्यात धरून पिता येतं, हे तर त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. ज्या माणसाने चाळीस वर्षं नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात काढली, त्याच्यादेखत कुणीही उठावं, नळ सोडावा, पाणी प्यावं आणि काही होऊ नये, म्हणजे काय!

खात्यात ते गळतीचे ओव्हरसियर. भल्या सकाळी रहदारी सुरू व्हायच्या आत लोखंडी सळई घेऊन निघायचं, सळईचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, आणि जमिनीखाली पाणी कुठे सुटलंय ते ऐकायचं. या कामात ते खरोखर वाकबगार होते. माणूस आवडत नाही म्हणून ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या कामाने त्यांच्या डोक्यात एक गोष्ट कायमची घालून ठेवली. गळती कुणी कबूल करत नाही. "आमच्याकडे काही गळत नाही, साहेब," असं छातीठोकपणे सांगणाऱ्याच्या न्हाणीघरात घोट्याएवढं पाणी साचलेलं त्यांनी पाहिलं होतं. तेव्हा जग सगळं खोटारडं आणि आपण एकटे खरे, ही त्यांची पक्की समजूत. निवृत्त झाले तेव्हा सळई खात्यात जमा करून घेतली गेली. समजूत त्यांनी घरी आणली, आणि पुढे विमानातून इकडेही आणली.

बायको होती तोवर दवाखान्यात बायकोच बोलायची. "यांचं तीन दिवस पोट साफ नाही, डॉक्टर. काल अंग मोडून आलं होतं. सांगत नाहीत, पण मला कळतं." ओव्हरसियर शेजारच्या स्टुलावर बसून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत, जणू हे कुणा भलत्याच माणसाबद्दल चाललंय. डॉक्टरांनी काही विचारलं की मान बायकोकडे वळायची. अडतीस वर्षांच्या संसारात त्यांनी डॉक्टरांसमोर स्वतःच्या तोंडातून जे काही काढलं ते एवढंच, "आ."

मग बायको गेली, आणि वर्षाच्या आत मुलाने त्यांना इकडे बोलावून घेतलं. मुलाने म्हणायचं ते आपलं नावाला. बोलावलं सुनेने, मुलगा नुसता "बघू" म्हणत होता. "बघू" हे त्याचं सगळ्यावरचं उत्तर. सकाळी सहाला घर सोडायचा, संध्याकाळी आठला परत यायचा, आणि मधल्या काळात जगात काय झालं हे त्याला सांगायला गेलं की जेवता जेवता म्हणायचा, "बघू." सून घरातच मागच्या खोलीत कानाला ते यंत्र अडकवून ऑफिसचं काम करायची. ओव्हरसियरच्या मते ते काम नव्हतं. घरात बसून फोनवर गप्पा मारण्याचा पगार देणारं ऑफिसही त्याच लायकीचं असणार, असं त्यांचं म्हणणं. सुनेशी त्यांचं वैर नव्हतं. ते तिला काडीची किंमत देत नव्हते, इतकंच.

रोज अकराच्या सुमाराला ते कोपऱ्यावरच्या बागेत जात. तिथे तळ्याकाठच्या दोन बाकांवर सहा-सात जण जमायचे, सगळे आपले, सगळे निवृत्त, सगळे मुलांच्या मागे आलेले. एकेकाळी कुणी शाळा चालवली होती, कुणी बँकेची शाखा. आता सगळ्यांचा एकच धंदा होता, तो म्हणजे आपल्या गोळ्या पुरवून पुरवून खाणं. येताना प्रत्येकाने सहा-सहा महिन्यांची औषधं बिस्किटांच्या डब्यात भरून आणलेली. डबा रिकामा होत आला की अर्धी गोळी. अगदीच तळ दिसला की एक दिवसाआड अर्धी. मग कुणाचे तरी व्याही तिकडून येणार असल्याची बातमी लागायची आणि त्या बिचाऱ्यांच्या बॅगेवर सगळे तुटून पडायचे. इथल्या डॉक्टरकडे जायचं तर आधी फोनवर अर्धा तास गाणी ऐकायची, तीन आठवड्यांनंतरची तारीख घ्यायची, मुलाच्या रजेसाठी तोंड वेंगाडायचं. त्यापेक्षा अर्धी गोळी बरी, यावर दोन्ही बाकांचं एकमत होतं. या मंडळींचे प्रमुख वैद्य होते पोस्टमास्तर. त्यांनी आयुष्यात फक्त टपाल वाटलं होतं, पण रक्तदाबापासून मूळव्याधीपर्यंत कशावरही ते निःशंक निकाल द्यायचे. ओव्हरसियरना ही सगळी माणसं हास्यास्पद वाटत. एक दिवस चुकवत मात्र नसत.

आणि एका सकाळी त्यांना लघवी लाल झाली.

लालसर वगैरे नाही, चांगली लाल. दुखलं खुपलं काहीच नाही. ओव्हरसियर बराच वेळ खाली बघत उभे राहिले, मग त्यांनी घाईघाईने पाणी सोडलं, आणि सोडलेलं पाणी स्वच्छ दिसल्यावर त्यांना वाटलं, झालं, मिटलं. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्यांनी काय करावं? बागेत गेले आणि पोस्टमास्तरांना म्हणाले, "आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. त्यांना जरा लघवीचा त्रास आहे. लाल होते."

"उष्णता," पोस्टमास्तर म्हणाले. त्यांनी समोरच्या बदकांवरची नजरसुद्धा काढली नाही. "भरपूर पाणी प्यायला सांगा त्यांना."

ओळखीचे गृहस्थ भरपूर पाणी प्यायले. पाणी जितकं पोटात गेलं तितकंच बाहेर आलं, आणि लाल यायचं ते आलंच.

आता पायजम्यावर डाग पडायला लागले. ज्या माणसाने जन्मात स्वतःचा हातरुमाल धुतला नव्हता तो बाथरूमचं दार लावून बेसिनमध्ये पायजमा चोळायला लागला. धुतलेला पायजमा खोलीतल्या हीटरवर वाळत घालायचा, वर वर्तमानपत्र पसरायचं, आणि खोलीत ओलसर वास कोंडला की खिडकी उघडून म्हणायचं, "काय तुमची ही बंद घरं!" हे कुणाच्याही लक्षात येणार नाही अशी त्यांची खात्री होती. माणसाला स्वतःच्या हुशारीबद्दल एवढी खात्री असली की त्याच्यापुढे हात टेकावेत.

एक दिवस दुपारच्या चहाला सून म्हणाली, "बाबा, एकदा डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का? काही होतंय का तुम्हाला?"

"मला काय व्हायचंय?"

"नाही, म्हणजे काही त्रास... काही असलं तर सांगा."

ओव्हरसियरनी चहात बघितलं. सांगायचं कुणाला, तर हिला? बायको असती तर प्रश्नच नव्हता, तिला सांगावंही लागलं नसतं. मुलगा एक असून नसल्यासारखा. आणि सुनेपुढे तो शब्द काढायचा? त्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्यांना अगदी प्रामाणिकपणे वाटलं. त्यांनी पटकन हाताला लागेल ते दुखणं उचललं.

"गुडघे," ते म्हणाले. "गुडघे दुखतात."

सून क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. "फक्त गुडघे?"

"फक्त म्हणजे? दोन्ही दुखतात."

तीन आठवड्यांनी तारीख मिळाली. दवाखाना म्हणजे एक गुळगुळीत खोली, एका रांगेत ठेवलेल्या निळ्या खुर्च्या, आणि काचेमागे एक बाई, जी वर बघतच नव्हती. भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती. सुनेने ती वाचून दाखवली. एका भेटीत एकच तक्रार सांगावी.

"आणि दोन असल्या तर?" ओव्हरसियरनी विचारलं.

"तर दुसऱ्या तक्रारीसाठी वेगळी वेळ घ्यायची."

"वा! म्हणजे डोकं फुटलं आणि पायही मोडला तर आधी कुठलं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं?" ते मोठ्याने हसले. पण मनातून त्यांना बरं वाटलं. तक्रार एकच सांगायची आहे आणि ती गुडघ्याची ठरली आहे, तेव्हा बाकीच्याला इथे जागाच नाही. आपण लपवतोय असं होत नाही. पाटीच आहे तशी.

डॉक्टर म्हणजे एक पोरगेली बाई निघाली. तिने नाडी पाहिली नाही, जीभ पाहिली नाही, कॉम्प्युटर तेवढा पाहिला. ओव्हरसियर म्हणाले, "गुडघे दुखतात." दोन शब्द. त्या दोन शब्दांचं भाषांतर सून चांगली तीन मिनिटं करत होती. इथल्या भाषेतलं ओव्हरसियरना 'थँक्यू'च्या पलीकडे ओ की ठो कळत नव्हतं, पण गप्पा कशा असतात ते कळत होतं. सून खालच्या आवाजात बोलतेय, डॉक्टरीण माना डोलावतेय, मधेच दोघी थांबून त्यांच्याकडे बघताहेत. इथेही हिचं सुरू झालं, ते मनात म्हणाले. सासऱ्याचे गुडघे राहिले बाजूला, हिला मैत्रीण मिळाली.

"बाबा," सून वळून म्हणाली, "वजन कमी झालंय का विचारताहेत."

"गुडघे दुखले की भूक लागत नाही."

"आणि सिगरेट ओढायचात ना तुम्ही? किती वर्षं?"

"त्याचा गुडघ्याशी काय संबंध?"

"विचारताहेत त्या."

"तीस वर्षं. सांग तिला, गुडघ्याने ओढत नव्हतो."

सुनेने हे काही सांगितलेलं दिसलं नाही. डॉक्टरीण हसली नाही. तिने एक झाकणाची छोटी बाटली त्यांच्यापुढे ठेवली. बाटली कशाची ते सांगावं लागलं नाही. सून त्या वेळी खिडकीबाहेर बघत होती.

दुसऱ्या दिवशी बागेत दोन्ही बाकांची हसून हसून पुरेवाट झाली. गुडघ्यासाठी लघवी तपासतात! "उद्या कान दुखला तर चपला तपासतील," पोस्टमास्तर म्हणाले. बँकवाल्यांनी आपल्या व्याह्यांना मोतीबिंदूसाठी छातीचा फोटो काढायला लावल्याची गोष्ट सांगितली. ओव्हरसियर त्या दिवशी खूप खुलले. बाटली मात्र खोलीत खिडकीपाशी त्यांची वाट बघत होती.

खात्यात असताना पाण्याचे नमुने घेणं हेही त्यांच्याच कामात यायचं. बाटली कशी धरावी, आधी नळ किती वेळ सोडावा, झाकणाच्या आत बोट लागू देऊ नये, हे त्यांनी किती ज्युनियर लोकांना ओरडून शिकवलं होतं. नमुन्यात बाहेरचं पाणी मिसळणाऱ्या एका फिटरची त्यांनी बदली करवली होती. त्याच ओव्हरसियरनी बाटली एक तृतीयांश भरली, उजेडात धरून पाहिली, आणि रंग बरा दिसेपर्यंत तीत बेसिनच्या नळाचं पाणी घातलं. ज्या नळाला ते दोन वर्षं शिव्या देत होते, त्याचंच.

आठ दिवसांनी दवाखान्याचा निरोप आला. नमुना ग्राह्य नाही, पुन्हा द्यावा.

"कशाला?" ते सुनेवर खेकसले. "धड तपासता येत नाही त्यांना. आता काही मिळणार नाही म्हणावं."

तिने गुडघ्याला लावायचं मलम आणलं होतं ते त्यांच्यापुढे ठेवलं. पंधरा दिवसांनी एक पत्र आलं, आणि ते हातात घेऊन ती त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"बाबा, मंगळवारी मोठ्या हॉस्पिटलात तपासणी आहे. पोटाची. मशीन फिरवतात नुसतं, दुखत नाही."

"गुडघा पोटात असतो का गं?"

सुनेचा चेहरा लाल झाला. "इथे तसंच असतं. सगळंच बघून घेतात."

"मला गिऱ्हाईक समजतात का हे? मी येणार नाही. सांगून टाक, गुडघ्याला त्याची गरज नाही."

तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. मग म्हणाली, "ह्यांना बोलायला सांगते." ह्यांनी त्या दिवशी आठ वाजता घरी येऊन पत्र उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "बघू."

मंगळवार गेला. पुढची तारीख मिळाली तीन महिन्यांनंतरची.

ते तीन महिने वाईट गेले. आता रोजच लाल व्हायला लागलं, आणि कधी कधी आत गाठीगाठी दिसायच्या. पायजमा कमरेतून सरकायला लागला. बागेपर्यंत जाताना दोनदा टेकावं लागे, आणि कुणी विचारलं की गुडघ्यांवर खापर फोडायचं. ओव्हरसियर भ्यायले होते. हे स्पष्टच सांगितलं पाहिजे, कारण त्यांनी ते कुणालाच सांगितलं नाही. आपण मरणार आणि लोक म्हणणार गुडघ्याने मेला, असं त्यांच्या मनात यायचं, आणि त्याचं त्यांना हसू येत नसे. तरी सांगायचं म्हटलं की तोंडात मिठाची गुळणी. तीन महिन्यांनी तारीख आली तेव्हा मात्र ते काही न बोलता बूट घालून तयार बसले. त्यांचा हिशेब साधा होता. पोटावरून मशीन फिरवतातच आहेत, तर फिरवू देत. त्यांचं त्यांना सापडलं तर सापडलं. आपल्याला बोलावं लागणार नाही.

सापडलं. पोटावर गार जेली चोपडून मशीन फिरवणारा माणूस एका जागी थांबला, थोडा मागे आला, पुन्हा त्याच जागी थांबला. जागा मिळाली की माणूस कसा थांबतो ते ओव्हरसियरना चांगलं माहीत होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

दहा दिवसांनी त्याच हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर बोलावणं आलं. लांब कॉरिडॉर, दारांवर नुसते आकडे, आणि पांढऱ्या रबरी चपलांचा चुकचुक आवाज. दारापाशी नर्सने सुनेला अडवलं. दोघींचं थोडं बोलणं झालं.

"मला आत येता येणार नाही, बाबा," सून म्हणाली. "ऑपरेशनची संमती असली की भाषांतराला घरचं माणूस चालत नाही. त्यांचाच दुभाष्या असतो, फोनवर. आपल्याच भाषेतला. मी इथे बाकावर बसते."

'ऑपरेशन' म्हटल्यावर ओव्हरसियरना गुडघ्याचं आठवायला हवं होतं. आठवलं नाही. ते आत गेले.

आतला डॉक्टर पन्नाशीचा, शांत चेहऱ्याचा. टेबलावर एक फोन ठेवलेला. डॉक्टर काहीतरी म्हणाला आणि फोनमधून खणखणीत मराठी आलं, "नमस्कार. मी दुभाषी क्रमांक चारशे अकरा. इथे जे बोललं जाईल ते सगळं मी जसंच्या तसं सांगेन. काही वगळणार नाही, काही वाढवणार नाही."

"बरं," ओव्हरसियर म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी परका माणूस त्यांच्याशी धड भाषेत बोलला होता. त्यांना बरं वाटलं. ते फार टिकलं नाही.

डॉक्टर बोलला, फोन म्हणाला, "मी तुमच्या लघवीच्या वाटेने एक नळी आत घालणार आहे."

"तू?" ओव्हरसियर ताडकन उठले. "तू कोण रे घालणारा? फोनवरून?"

"हे डॉक्टर म्हणताहेत, साहेब. मी त्यांच्या तोंडचं बोलतोय. कृपया बसा."

ते बसले. डॉक्टर समोरच्या पडद्यावरचं वाचायला लागला आणि चारशे अकरा नंबरचा माणूस, रेल्वेचं वेळापत्रक सांगावं तशा आवाजात, मराठीत सांगायला लागला. "पहिल्या भेटीतली नोंद अशी आहे. रुग्णाच्या लघवीतून रक्त जातं, किमान दोन महिन्यांपासून. वेदना नाही. वजन घटलं आहे. रुग्ण कपडे स्वतः धुतो आणि लपवतो. रुग्ण स्वतः हे सांगत नाही, गुडघेदुखी सांगतो. माहिती देणारी व्यक्ती, रुग्णाची सून. सुनेची विनंती अशी की हे तिने सांगितल्याचं रुग्णाला कळू देऊ नये, त्यांना लाज वाटेल. हे बरोबर आहे का?"

ओव्हरसियरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासऱ्याच्या लघवीची चर्चा! त्या पोरगेल्या डॉक्टरणीसमोर, तीन मिनिटं, ते स्वतः शेजारी बसलेले असताना! पण आग मस्तकात पोचली तिथे तिला जाळायला काही सापडेना. ते तीन मिनिटांचं बोलणं त्यांना आठवलं. गप्पा नव्हत्या त्या. त्यांची बायको स्टुलाशेजारी बसून जे करायची, ते चाललं होतं.

"बरोबर आहे का?" फोनने पुन्हा विचारलं.

"हो."

"पुढची नोंद. लघवीचा नमुना पाणी मिसळलेला आढळला. त्यापुढची. रुग्णाने पोटाच्या तपासणीस नकार दिला. कारण, गुडघ्याला गरज नाही." डॉक्टर इथे थांबला आणि ओव्हरसियरकडे बघत हळू काहीतरी बोलला. फोनही थोडा हळू झाला. "मूत्राशयात गाठ आहे. ती कर्करोगाची असण्याची दाट शक्यता आहे. तीन महिन्यांपूर्वी ती नक्कीच याहून लहान असणार. आता ती पूर्ण निघेल की नाही हे मी आत्ता सांगू शकत नाही."

तीन महिने. त्यात सुनेचीही चूक होती, हे कुणी नाकारू नये. दारात पत्र घेऊन उभी राहिली तेव्हा तिने एक वाक्य बोलायला हवं होतं, आणि ती "इथे तसंच असतं" म्हणून गप्प झाली. सासऱ्याला लाज वाटेल म्हणून ती बोलली नाही, सुनेपुढे लाज म्हणून सासरा बोलला नाही, आणि या दोघांच्या मर्यादेवर ती गाठ मजेत वाढली. इतका अडाणीपणा दोन शिकलेल्या माणसांना जमला. पण तिने निदान कुणाला तरी सांगितलं होतं. ओव्हरसियरनी जन्मभर ज्यांच्यावर थुंकायचं बाकी ठेवलं होतं, त्या "आमच्याकडे काही गळत नाही"वाल्यांनीसुद्धा गळती दाखवून दिल्यावर दुरुस्तीला आडवं न येण्याएवढी अक्कल दाखवली होती. स्वतःइतकं हलकट गिऱ्हाईक त्यांनी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. हे त्यांचं त्यांनाच कळलं, आणि उगाच कुणी त्यांची समजूत काढायला तिथे नव्हतं, हे बरंच झालं.

त्यांनी सही केली.

"आणखी एक," फोन म्हणाला. "ऑपरेशननंतर आठवडाभर नळी आणि लघवीची पिशवी राहील. पिशवी दिवसातून तीन-चार वेळा रिकामी करायची, नळीची जागा स्वच्छ ठेवायची, रंग बघून लिहून ठेवायचा. हे शिकून घेणारं घरातलं एक माणूस लागतं. त्याशिवाय मी तुम्हाला घरी सोडू शकत नाही. कोण करेल?"

"मुलगा," ओव्हरसियर तत्काळ म्हणाले.

"ते दिवसा घरी असतात?"

डॉक्टर पेन हातात धरून थांबला. फोनही थांबला, त्यातून नुसता खरखर आवाज येत होता. खोटं बोलायला त्यांच्याकडे आता काही शिल्लकच नव्हतं.

"विचारून येतो," ते म्हणाले आणि उठून बाहेर आले.

सून बाकावर बसली होती, मांडीवर त्यांचा कोट घडी करून ठेवलेला. ते दिसताच उठली. शेजारी चार-पाच परकी माणसं आपापल्या नंबराची वाट बघत बसली होती. ओव्हरसियर तिच्यासमोर उभे राहिले. कॅलेंडर वाचायला भिंतीवर कॅलेंडर नव्हतं.

"गाठ आहे," ते म्हणाले. "लघवीच्या पिशवीत. तुला माहीतच आहे."

तिने मान हलवली. तिचे डोळे भरले.

"नळी लावणार. बाहेर पिशवी असते. ती रिकामी करावी लागते, तीन-चार वेळा. घरातलं कोण करणार विचारताहेत." त्यांनी श्वास घेतला. "मी मुलाचं नाव सांगितलं."

"ह्यांना बोट कापलं तरी भोवळ येते, बाबा."

"माहीत आहे मला."

मग ओव्हरसियरनी आयुष्यात जे कधी कुणाला विचारलं नव्हतं ते विचारलं. "तू करशील?"

"करीन," ती म्हणाली. आवाज रडका होता, पण त्यात आता रागही होता, बऱ्याच महिन्यांचा. "पण यापुढे जे काय होईल ते मला तोंडाने सांगायचं. मला बेसिनमध्ये बघून कळायला नको. चालेल?"

"चालेल."

"मग आज सकाळचं सांगा."

ओव्हरसियरनी इकडेतिकडे बघितलं. बाकावरच्या कुणालाही त्यांची भाषा कळत नव्हती. कळत असती तरी आता काय.

"दोनदा झाली," ते म्हणाले. "पहिल्यांदा जरा अडकली."

"लाल?"

"लाल."

"गाठी होत्या?"

"दोन. एक मोठी."

तिने बाहीने डोळे पुसले, लिहून घ्यायला मोबाईल काढला, आणि विचारलं, "किती वाजता?"